चाळीसपैकी चाळीस यशस्वी

३ मार्च, सोमवार
आजपासून हमाली बंद. चाळीस सर्व्हर अपडेट करायचे म्हणजे एकेकात लॉगिन करा, तीच कमांड ठोका, बाहेर या, पुढचा. तीन दिवस जातात. मी स्वतःचं टूल लिहितोय. खुर्चीतून न उठता एक कमांड, चाळीस सर्व्हर. शनिवारी सकाळी नऊला लेकीची पोहण्याची स्पर्धा. तिला सांगून टाकलं, बाबा पहिल्या रांगेत. मागच्या वेळी तिच्या नाटकाला जमलं नव्हतं. ती त्यावर कधी काही बोलली नाही, म्हणजे विसरली असणार.

५ मार्च, बुधवार
टूल तयार. नाव 'सेनापती'. बायको म्हणाली, सेनापतींनी आधी बाथरूमचा नळ बघावा. रविवारी बघतो.

६ मार्च, गुरुवार
शेजारच्या टेबलावरच्या ताई अजून वहीत खुणा करत एकेक सर्व्हर करतात. म्हणाल्या, आधी एकावर चालवून बघ, तो नीट उठला की मग बाकीचे. एकेकच करायचं तर टूल कशाला? सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर काय, हेही विचारलं. म्हटलं, नियम सोपा आहे: तक्रार आली नाही की काम यशस्वी. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. पटलं त्यांना.

७ मार्च, शुक्रवार
दु. ४.१० – एंटर मारलं.
४.१२ – चाळीसपैकी चाळीस यशस्वी! ताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. जळतात बिचाऱ्या.
४.३० – एकाही सर्व्हरमध्ये शिरता येत नाहीये. नेटवर्क असेल.
५.०५ – नेटवर्क नाही. अपडेटने बाहेरून यायची वाटच बंद केली, चाळीसही ठिकाणी. सेनापतीची शिस्त मात्र मानली पाहिजे. आता प्रत्येक मशीनला कीबोर्ड लावून समोर बसायचं. साहेब म्हणाले, उद्या दुपारी बाराच्या आत सगळं सुरू हवं. ताई म्हणाल्या, अर्धे मी घेते. नको म्हटलं. इज्जतीचा प्रश्न आहे.

८ मार्च, शनिवार
स. ६.३० – सर्व्हरची खोली. गारठा, पंख्यांचा गोंगाट, मांडीवर कीबोर्ड. एकाला तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. साडेआठला बाहेर.
८.३० – अकरा झाले. कोणता झाला, कोणता राहिला, लिहून ठेवलं नव्हतं. नवव्यावर दोनदा बसलो.
९.०० – तेरावा.
९.२० – बायकोचा फोन. लेक पाण्यात उतरायच्या आधी पहिल्या रांगेकडे बघत होती म्हणे. तिसरी आली.
९.३० – ताईंना फोन केला. वही घेऊन आल्या. चाळीसाव्यापासून उलट सुरुवात केली.
११.५० – चाळीस झाले. त्यातल्या वीसांवर ताईंच्या खुणा.

रात्री जेवताना लेकीला विचारलं, रागावलीस का. तिने ताट उचललं, घासलं, मेडल कपाटात ठेवलं आणि झोपायला गेली. एक शब्द नाही.
तक्रार नाही. सेनापतीच्या हिशेबाने यशस्वी.
तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. आतून कडी होती.
टूलमधला तो नियम चुकलाय.