खारं धुकं

शनिवार, २७ डिसेंबर १९३०

पारा फुटला! आणि फोडला कोणी? मानोऱ्याच्या शाळेच्या हेडमास्तरांनी. म्हणजे मीच.

दोन दिवस अंगात कसकस होती. घरात विचारणारं कोणी नाही. कस्तुरा धनजला माहेरी, बाळंतपणाला. म्हटलं, शाळेच्या अंगणातल्या जाळीच्या पेटीत सरकारने उष्णतामापक ठेवला आहे, तो साऱ्या मानोऱ्याच्या हवेचा ताप मोजतो, तर माझा का नाही? काखेत धरून बसलो. एकशे एकपर्यंत चढला. तेवढ्यात शिंक आली आणि नळी उंबरठ्याच्या दगडावर! पारा कणगीखाली पळाला तो पळालाच.

आता रोज सकाळी आठला हवेची नोंद कशी करायची? खरं कळवलं तर चौकशी. "काखेत कशाला घातला?" — काय उत्तर देऊ! मुंबईचं साप्ताहिक आजच टपालाने आलं. वऱ्हाडच्या हवेबद्दल त्यात अक्षर नाही, पण कोकणाचा अंदाज तपशीलवार आहे. "किनारपट्टीवर थंडी नाही. उष्मा नेहमीपेक्षा बराच जास्त. पहाटे समुद्रावरून दाट धुके येईल." तोच उतरवला. पुढच्या अख्ख्या आठवड्याचे रकाने आजच भरून टाकले — ६८, ६९, ७०, दाट धुके. अकोल्याच्या कचेरीत कोण बघतो! तिथे आमचे तक्ते उंदीर वाचतात.

रविवार, २८ डिसेंबर

ताप उतरला. कडाक्याची थंडी. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून शेकत बसलो. मुलीला अजून पाहिलं नाही, तेवीस दिवसांची झाली! नाकावर तीळ आहे म्हणतात.

सोमवार, २९ डिसेंबर

पहाटे घामाने जाग आली. वाटलं, ताप परत आला. पण अंग थंड, हवा गरम. वाकळ लाथेने दूर केली. डिसेंबरात!

मंगळवार, ३० डिसेंबर

धुकं. आमच्याकडे पडतं ते पांढरं, हलकं, ऊन आलं की विरणारं. हे राखाडी आहे आणि जड. शाळेच्या दारातून अंगणातला निंब दिसेना. दहा वाजले तरी हललं नाही.

शेजारचा जगदेव तुरीच्या वावरातून आला तो चिडूनच. "फुलोरा गळून राह्यला, मास्तर! हिवाळ्यात घाम अन् दुपारलोक धुकं, असं कधी पाह्यलं काय? तुमची पेटी काय म्हनते?"

"एकोणसत्तर," मी म्हणालो. तक्त्यात तेच लिहिलं होतं ना. जगदेव रिकाम्या पेटीकडे हात जोडून गेला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

गुरुवार, १ जानेवारी १९३१

आज लखीराम नाईक शाळेत आला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा सर्वांत म्हातारा माणूस. ऐंशीच्या पुढचा, पण काठी नुसती शोभेला. पायरीवर बसला, जीभ बाहेर काढली आणि मिशी चाटली.

"मास्तर, तुमीबी चाटून पाहा."

चाटली. खारट!

म्हणाला, "हे आपल्याकडलं धुकं नोहे. हे दर्याचं हाये. आगगाडी नोती तवा आमचा तांडा बैलं घेऊन दर्यावर जाये, मीठ आनाले. मी धा वर्साचा होतो. बापासंग गेलो. तिथं असंच धुकं. पन ते इकडं कसं आलं? त्याले कोनं तरी बलावलं असन."

मी विचारलं, मग तेवढ्या धुक्यात तांडा चुकत नसे का?

"म्होरल्या बैलाच्या गळ्यात घंटी. तिच्यामांग सारे. कोनी मांग राह्यला तं घंटी वाजवाची, पन नाव घेऊन हाक नाई माराची. हाक मारली तं कोनीबी येते, मास्तर."

कोणीही म्हणजे कोण? तो तंबाखू मळत बसला.

शनिवार, ३ जानेवारी

कोकणाचा नवा अंदाज — धुके व उष्मा कायम. मी नाही उतरवला! तक्त्यात माझ्या हाताने ठळक लिहिलं: ४८. निरभ्र. कडक थंडी. असं सात दिवस.

रविवार, ४ जानेवारी

धुकं. पारा नाही, पण सत्तरच्या खाली नसणार. यायला माझं लिहिणं पुरलं, जायला पुरत नाही असं दिसतं. छे! शिक्षकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकलेला मी, काय लिहून राहिलो आहे हे!

बुधवार, ७ जानेवारी

सासरे मारोतराव यांचं पत्र. "मुलीचा सव्वा महिना भरत आला. संक्रांत झाली की कस्तुराला व बाळाला घेऊन निघतो. वाटेत कारंज्याला मुक्काम." म्हणजे चौदाला संक्रांत, पंधराला निघतील आणि सोळाच्या संध्याकाळी इथे. आजपासून मोजतो आहे, नऊ दिवस.

आणि बाहेर हे असं. परवा याच धुक्यात एक गाडी अडाण नदीच्या काठावरून खाली गेली. बैल मेले. गाडीवाला वाचला, पण बोलत नाही.

शनिवार, १० जानेवारी

साप्ताहिक आलं. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो.

"किनारपट्टीवर यंदा धुके पडलेच नाही. गेला पंधरवडा तेथे आकाश निरभ्र आहे. अंदाज चुकल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी."

तिथे पडलंच नाही. तिथलं इथे आलं.

रविवार, ११ जानेवारी

धनजला पत्र टाकलं — निघू नका, धुकं हटू द्या. पण टपालही याच धुक्यातून जाणार. वेळेवर पोचेल?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. पलीकडच्या चतुराबाईंनी तिळगूळ दिला. "उद्या निंघतीन नं कस्तुरा?" त्यांना हो म्हणालो. मनात — नको, नको, नको.

गुरुवार, १५ जानेवारी

धुक्याला आता आवाज आहे. लांबून काहीतरी यावं आणि मागे सरावं, पुन्हा यावं. नाईकाला विचारलं. म्हणाला, "इचारू नका."

शुक्रवार, १६ जानेवारी

आली! कस्तुरा आली! आज एवढंच लिहायचं होतं, पण झोप नाही, सगळं लिहितो.

तीन वाजताच कारंज्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. नाईक आपणहून आला, बैल घेऊन. गळ्यात वाटीएवढी जुनी घंटी. "लेकरू हाये संग, वाट घावली पाह्यजे," म्हणाला आणि घंटी वाजवत बसला. चार वाजले. पाच. हाताचा पंजा दिसेना. अडाणकाठची ती गाडी डोळ्यांसमोरून हलेना. माझं बाळ, नाकावर तीळ असलेलं, मी न पाहिलेलं!

मला राहवलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मी चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नाही. "अवं", "ऐकलं का" यावर संसार चालला. आज दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो — "कस्तुरा!"

नाईकाने माझं मनगट धरलं. "नाव नाई घ्याचं! सांगतलं होतं नं!" मी हात झटकला. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदाही.

आणि धुक्यातून ती चालत आली. एकटी, छातीशी बाळाची गुंडाळी. पदर भिजलेला, केस भिजलेले. "गाडी मांग राह्यली," म्हणाली. "कना मोडला. बाबा येतीन मांगून." मी रडलो. लाज कसली! बायकोसमोर, नाईकासमोर रडलो.

नाईकाचा बैल मात्र मागे मागे सरला. नाईकाने तोंड फिरवलं आणि राम राम न करता निघून गेला. म्हातारी माणसं विक्षिप्त व्हायचीच.

शनिवार, १७ जानेवारी

धुकं गेलं! पहाटेपासून लख्ख आकाश आणि कडाक्याची थंडी. निंबाचं पान न् पान दिसतं. जगदेव वावरात ओरडून ओरडून गाणं म्हणतो आहे. मारोतराव अजून आले नाहीत. गाडीचा आस नीट व्हायला वेळ लागत असेल.

बाळ फार शहाणं. रडत नाही. तोंडावरचं फडकं कस्तुरा काढू देत नाही. "नजर लागीन." काढू दे की, बाप आहे मी!

रविवार, १८ जानेवारी

चतुराबाई बाळाला बघायला आल्या आणि उभ्या उभ्याच परतल्या. मला अंगणात बाजूला घेतलं. "मास्तर, बाळंतिनीच्या अंगाले ओव्याचा, शेपाचा, धुरीचा वास असते. सव्वा महिना शेगडीवर बसते ते. दोन महिने जात नाई तो वास. इच्या अंगाले नाई."

"मग कसला आहे?"

त्या निघाल्याच. आपल्या घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर त्यांनी पाणी टाकलं.

मुलूखभर फिरणारी जीभ या बाईची! धुक्यातून भिजत आलेल्या बाईला ओलीचा वास येणार नाही तर काय अत्तराचा? कस्तुरा मात्र पाणी फार पिते. रांजण सकाळी भरला होता, दुपारी तळ दिसला. आणि घरभर जमिनीवर पांढरा थर धरतो. झाडला की पुन्हा धरतो. मी बोट लावून चाटलं नाही.

सोमवार, १९ जानेवारी

टपाल आलं. मारोतरावांचं अक्षर. धनज, ता. १५.

"आपले पत्र पोचले. तसेही आज संक्रांतीची कर. कस्तुराच्या आईने स्पष्ट सांगितले की करीच्या दिवशी लेकीला उंबरा ओलांडू देणार नाही. आपण शिकलेली माणसे कर विसरता! धुके हटेतो निघत नाही. थंडी पडली की कळवावे. कस्तुरा व बाळ येथे खुशाल आहेत. बाळ रात्रभर रडून घर डोक्यावर घेते."

चुलीपाशी भांडं वाजलं.

"अवं," ती आतून विचारते आहे, "कोनाचं पत्र आलं?"