इन्फेअरचं जेवण

४ मे २००६, गुरुवार
इन्फेअर होणार. टायलरच्या आईनेच फोनवर पक्कं केलं. जुई-टायलरचं लग्न शनिवारी २० तारखेला, आपल्या पद्धतीने, इथे अल्फारेटात. दुसऱ्या दिवशी टायलरच्या आजीकडे, वर डोंगरात, इन्फेअर. आजी, म्हणजे सगळ्यांच्या मॅमॉ, लग्नाला यायच्या नाहीत. होमबिम त्यांच्या पचनी पडत नाही. आमच्या जुईशी अजून धड चार वाक्यं बोललेल्या नाहीत. म्हणून हे आमंत्रण म्हणजे मोठीच गोष्ट.
पण इन्फेअर म्हणजे काय? जुई: "बाबा, आय हॅव नो आयडिया. काहीतरी पार्टी." टायलर: "खायचं असतं, सर."
जावई सर म्हणतो, पोटची पोर 'चिल' म्हणते.

६ मे
इतकी वर्षं इथल्या साप्ताहिकात कॉपी तपासतोय, हा शब्द कधी हाताखालून गेला नाही. ऑफिसातल्या कोशाने एका ओळीत उरकलंय. लायब्ररीतला जाडा खंड काढला. जुन्या इंग्रजीतला शब्द. आत जाणं, प्रवेश. 'फेअरवेल'मध्ये जे जाणं आहे तेच इथे. पुढे स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडात: नवरी नव्या घरी आल्यावरचं जेवण. तिथून माणसांबरोबर बोटीने इकडच्या डोंगरांत. आता कुठे कुठे धुगधुगी.
सुधाला वाचून दाखवलं. "म्हणजे गृहप्रवेशच की! एवढं काय शोधत बसलात?" ओलांडायला माप, तांदूळ पाठवू का म्हणाली. नको म्हटलं.

९ मे
घोटाळा. सु.ने टायलरच्या आईला सांगितलं, येऊ, पण जेवणार नाही. नातवंड होईपर्यंत मुलीच्या सासरी पाणीही घ्यायचं नाही, हा तिच्या माहेरचा नेम. तिच्या आईने पाळला, आजीने पाळला. तिला वाटलं, आपण मानच राखतोय.
तिकडे उलटं पोचलं. संध्याकाळी टायलरचा फोन: "मॅमॉ म्हणतात, ज्यांना माझ्या टेबलाशी बसायचं नाही त्यांच्यासाठी मी चूल पेटवत नाही." इन्फेअर कॅन्सल.
जुई खोलीत. दार बंद.

११ मे
अंकाची पानं छपाईला सोडून घरी. जुई सु.ला एवढंच म्हणाली, "आई, शी वॉज फायनली लेटिंग मी इन." सु. भाजी निवडत राहिली.

१३ मे
न राहवून मीच मॅमॉंना फोन लावला. बातमीची सवय. ज्याचा शब्द त्यालाच विचारावं. आधी नेम समजावला. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या (आठवेल तसं):
"पोरीचं काय, तिला आता इथेच जेवायचंय. इन्फेअर तिच्या माणसांसाठी असतं. आपली पोर कुठे गेली, कुणाच्या पंगतीला बसली, ते त्यांनी बघावं. माझ्या इन्फेअरला माझे वडील खेचरावरून आले होते. जेवले, एक शब्द बोलले नाहीत, गेले. मला पुरलं."
हे कोशात नाही.
मग परत ठरवायचं का, विचारलं. "तुमची बायको जेवेल?" म्हटलं, ठाऊक नाही. "निदान खरं बोललात. टेबल मांडते. बसायचं की नाही, तिचं तिने बघावं."

१५ मे
सु.ला सगळं सांगितलं. "तुमचं बरंय. तुम्हाला नेम नाही, नुसती भूक आहे."
नंतर भांडी पुसताना, आपणहून: "माझे बाबा आपल्याकडे पुण्याला यायचे, तर कोपऱ्यावर चहा पिऊन मग वर यायचे. मी आपली दोन कप करून ठेवायची." उद्या अंकाची पानं लावायची आहेत.

२० मे, शनिवार
लग्न लागलं. टायलर मांडी घालून शेवटपर्यंत बसला, उठताना दोघांनी धरलं.
जाताना त्याने निरोप दिला. मॅमॉंनी आमच्यासाठी घेवड्याचं एक पातेलं डुकराची चरबी न घालता शिजवलंय. जन्मात पहिल्यांदा. "चवीला भांडी विसळल्याचं पाणी, म्हणतात. पण केलंय."
सु. हसली नाही. "कांदा तरी घातलाय का?"
"येस, मॅम."
"बरं."
उद्या सकाळी निघायचं. दुपारी जेवण. मॅमॉ स्वतः दारात उभ्या राहतील, असं टायलर म्हणतो. सु. टेबलाशी बसेल की नाही, हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.