पंखेवालं कार्ड आणि नाक्यावरचा शिक्का

धानोरा, ७ नोव्हेंबर २००५

घुग्घुसचे माझे जुने दोस्त शफीभाऊ यांना मुखरूचा रामराम आणि सलाम. सुलतानाबाईंचा गुडघा कसा आहे? कोळशाच्या धुळीनं तुमचा खोकला वाढला असेल, या काळजीनं इथे मला खोकला लागला आहे. (डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. मुद्दाम लपवत असावेत.)

माझी नात उर्वशी नागपूरच्या होस्टेलवरून दिवाळीला आली. येताना कॉम्प्युटरचा एक खेळ घेऊन आली. त्यात एक शिपाई जंगलात फिरतो, पण आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो दोन पावलं चालला की अडकायचा. ती म्हणाली, "आजोबा, याले ग्राफिक्स कार्ड लागते. नाई तर मी नागपूरले मैत्रिणीकडे जातो, तिच्याकडे आहे." वर्षातून दोनदा येणारी पोरगी आल्या पावली जाईल, या भीतीनं मी बोलून बसलो की मीच आणतो.

चंद्रपूरच्या दुकानदाराला तिची चिठ्ठी दिली. त्यानं दोन कार्डं पुढे ठेवली, एक बिनपंख्याचं, एक पंखेवालं. पंखा बंद पडला तर काय? आणि पंखाच नसला तर? आपल्याकडे मे महिन्यात माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतो, तिथे कार्डाच्या त्या हिरव्या पाटीनं काय करावं? तासभर घाम पुसून मी पंखेवालं घेतलं. दुकानदारानं बजावलं, "बाबा, खोक्यावर काही लिहिलं, खोडलं, तर बदलून भेटत नाई."

आता खरं संकट सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, मी बावीस वर्षं तेंदूपत्त्याच्या पुडक्यांचा हिशेब ठेवणारा मुन्शी होतो. परवान्याशिवाय एक पुडकं नाक्यापलीकडे नेलं नाही. परतताना वननाक्यावर एस.टी. थांबली, वनरक्षकानं सहज आत डोकावलं आणि माझी नजर मांडीवरच्या खोक्यावर गेली. (खोक्यावर जंगलाचं चित्र होतं, झाडाझुडपांसकट.) मी खाली उतरलो आणि परवाना मागितला.

"बाबा, हे जंगलात उगवते काय?"

"मले मालूम नाई साहेब. तुम्ही लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे असन ते."

कंडक्टर घंटी वाजवून राहिला होता. मागची एक बाई म्हणाली, "बुढ्याले इथीच राहू द्या." शेवटी वनरक्षकानं खोक्यावरच 'वनोपज नाही' असं लिहून शिक्का मारला. मी समाधानानं जागेवर बसलो, गाडी सुटली आणि मग मला दुकानदार आठवला.

म्हणजे आता कार्ड चुकीचं निघालं तर बदलून मिळणार नव्हतं. उर्वशी पेचकस फिरवत होती, तेव्हा मी मेन स्विचवर हात ठेवून देवाचं नाव घेत उभा होतो. कार्ड बसलं. पंखा फिरला. शिपाई धावू लागला. तुमच्या आशीर्वादानं सर्व ठीक आहे.

आपला,
मुखरू

ता.क. चंद्रपूरला गेलात तर त्या दुकानदाराजवळ शिक्क्याचं बोलू नका.

ता.क. दुसरा. उर्वशी थांबली, पण खेळ इतका छान चालतो की चार दिवस तिनं मान वळवली नाही. मी चहा ठेवतो, ती "हो" म्हणते. वीस तारखेला ती जाणार. तुमचा फैज कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला विचारा, दोन माणसांनी बाजूबाजूला बसून खेळायचा असा एखादा खेळ असतो का. मी लगेच मरीन, हे मला ठाऊक आहे. पण मेल्यावर तिथेच बसू देतात की उठावं लागतं, तेवढं नक्की विचारून कळवा.