आजोळचा चेंडू

नासेले, कडावू बेट
ता. २६ मे

ती. मेरेवालेसी आत्या हिला इसिकेलीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मीच सध्या इतका वैतागलोय की लिहायला बसलो असतो तर कागद फाटला असता. ऑकलंडहून रग्बी शिकवायची नवी पद्धत घेऊन आलो. पोरांच्या वजनाप्रमाणे जोड्या लावायच्या. एकाने चेंडू घेऊन धावायचं, दुसऱ्याने कमरेला धरून पाडायचं. पंधरा वर्षांची चांगली दणकट पोरं, पण आपेनिसा समोर आला की विलिकेसा मान खाली घालून बाजूला होतो! कारण विचारलं तर दोघंही दोन दिशांना निघून जातात. ओरडून माझा घसा बसला. तीन सामने हरलो. चौदा जूनचाही हरलो तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालू, असं वडीलधाऱ्यांनी यांगोना पिता पिता सुनावलंय. मग मी इथे राहून करू काय?

तब्येतीला जप. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा, इसिकेली

लेवुका
ता. २ जून

चि. इसिकेली यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. अरे शहाण्या, आपेनिसा विलिकेसाचा मामा लागतो! वय सारखं असलं म्हणून काय झालं? आपल्यात मामा-भाचे एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत, आणि तू त्यांना मिठ्या मारायला लावतोस? तू अंगावर पीत होतास तेव्हा तुझ्या आईबापाने तुला तिकडे नेलं, म्हणून माफ.

तो वजनकाटा ठेव बाजूला. पोरांच्या आयांकडे जा, कोण कुणाचा कोण ते विचार, आणि आते-मामेभावांच्या जोड्या लाव. त्यांना एकमेकांची टर उडवायची मुभाच असते. कसे तुटून पडतात बघ. आणि नुसत्या दालोच्या कंदांवर राहू नकोस, मासे खात जा.

आहे तसाच हट्टी राहा, पण पत्र धाडत जा.
तुझी आत्या

नासेले
ता. १६ जून

ती. आत्या हिला सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. पोरं अशी भिडली की सरावात दोन चड्ड्या फाटल्या. शनिवारी शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. तेवढ्यात पलीकडच्या गावाचा सेवानाईया चेंडू घेऊन सुटला. अडवायला एकटा आपेनिसा उरला होता. आणि आपेनिसा बाजूला झाला! चक्क वाट करून दिली! सेवानाईयाची आई म्हणे आपल्या गावची लेक. भाच्याने आजोळचं हवं ते उचलून न्यावं, मामांनी नाही म्हणू नये. अगं, पण सामनासुद्धा?

मी शिट्टी काढून वडीलधाऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी ती पुन्हा माझ्याच गळ्यात घातली. म्हणाले, हरलो खरे, पण पोरांना इतकं चांगलं वळण आजवर कुठल्याच शिक्षकाने लावलं नव्हतं. सगळ्या आया माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

आत्या, मला जिंकायचं होतं गं.

रागाच्या भरात कमीजास्त लिहिलं असेल, पोटात घाल.
तुझाच, इसिकेली