हंड्यांमागची खुर्ची

३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आमचा वाद्यवृंद आपल्या गावात येतोय! नव्या संगीतगृहात, महिनाअखेरच्या शनिवारी. दुपारी पोचायचं आणि कार्यक्रम संपला की लगेच बसमध्ये चढायचं. घरी जाऊन येते म्हणून विचारलं, पण आमचा व्यवस्थापक म्हणजे दगड. तेव्हा तूच ये. तुझं आणि मावशीचं तिकीट सोबत आहे, पहिल्या रांगेतलं. संपल्यावर मंचाच्या कडेशी थांब, मी धावत येते. तुला बघून वर्षं झाली गं.

फोनवर तुला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून एकच भीती मनात घर करून बसलीय. तुझे कान पुरते मिटण्याआधी तू मला एकदा तरी ऐकावंस. बाकी काही मागणं नाही.

तू शिवून पाठवलेला काळा कोट अगदी मापात बसतो. तोच घालेन.

लोभ आहे तसा राहू दे, पत्रं मात्र जरा मोठी लिही.

तुझी ठकू

११ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तिकिटं पोचली. तुझ्या मावशीने ती आरशात खोचून ठेवलीत आणि येईल त्याला दाखवते, जणू नगारे तीच बडवणार आहे. लहानपणी तू डबे वाजवून माझं डोकं उठवायचीस. आता त्याच उद्योगाचा तुला पगार मिळतो, आणि मी तो आवाज ऐकायला तरसते. काय म्हणावं!

कानांची फार काळजी करू नकोस. शिलाई मशीनची खडखड ऐकू येत नाही, पण ती पायाला कळते. काही बिघडलं की पाय आधी सांगतो. गिऱ्हाइकं मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घेतात.

जेवतेस ना वेळेवर? त्यावर तू मागच्या पत्रात अक्षरही लिहिलं नाहीस. मी येणार म्हणजे येणारच, अंगात ताप असला तरी.

आईच्या लोभाला विनंती लागत नाही, तो असतोच.

तुझी आई

२ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. रागावलेय, म्हणून वि. वि. आज नाही.

मंचावर आले आणि आधी पहिली रांग पाहिली. मावशी होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. म्हटलं, उशीर झाला असेल, येशील. वादन सुरू झालं तरी रिकामीच. मावशी मधूनमधून माझ्या डोक्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवत होती, तिला छताचे दिवे आवडले असावेत. माझं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे. निर्देशकाने एकदा डोळेसुद्धा वटारले. संपताच मावशीही उठून निघून गेली. मग मी कुणासाठी थांबू? सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसले आणि खिडकीकडे तोंड करून रडले.

बरं नव्हतं का तुला? की ऐकू येणार नाही तर कशाला जायचं, असं म्हणालीस? खरं काय ते लिही. मी आता काही मागणार नाही.

तुझीच,
ठकू

८ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अगं वेडे, मी तुझ्या मागेच होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

पहिल्या रांगेत बसले तेव्हा व्हायोलिनवाले सूर लावत होते. त्यांचे हात हलताना दिसत होते, पण मला काही म्हणजे काही ऐकू येईना. तेवढ्यात मंचाच्या मागच्या बाजूला चढत गेलेल्या रांगा दिसल्या. तिथेही माणसं बसत होती, आणि त्यांच्या पुढ्यातच तुझे ते तांब्याच्या हंड्यांसारखे नगारे. दारावरच्या बाईंना कागदावर लिहून दिलं, की हे वाजवणारी माझी लेक आहे, मला ऐकू येत नाही, मला तिच्याजवळ बसवा. त्यांनी हात धरून नेलं. तू अजून यायची होतीस. मावशी बोटाने मला दाखवत होती, दिवे नव्हे.

पुढच्या लाकडी कठड्यावर मी दोन्ही तळहात टेकले. तू काठ्या उचलून पहिला ठोका दिलास आणि हातांतून थेट माझ्या खांद्यापर्यंत आलीस. ठकू, मी तुला ऐकलं. अगदी हळू वाजवलंस तेसुद्धा ऐकलं. मधेच तू सूर जुळवायला वाकून नगाऱ्याला कान लावायचीस, निजलेल्या बाळाचा श्वास ऐकावा तशी. तेव्हा हाक मारावीशी वाटली. पण माझा आवाज किती मोठा निघतो ते मला आता कळत नाही, म्हणून तोंडावर रुमाल धरून बसले.

संपल्यावर तुझ्याकडे निघाले, तर त्या इमारतीत सगळी दारं सारखी. फिरून फिरून पुढे पोचले तोवर माणसं खुर्च्या उचलत होती. मावशी मला शोधायला गेली होती, तीही हरवली. शेवटी बाहेरच्या पायऱ्यांवर भेटलो आणि एकमेकींवर भरपूर ओरडलो.

आता कोटाचं. मापात बसतो म्हणे! मागे कंबरेला सेफ्टीपिना टोचून कापड गोळा केलंयस, खांदे लोंबतायत. समोरच्यांना ते दिसलं नसेल. पोरी, किती वाळलीस गं.

तो कोट टपालाने पाठवू नकोस, तसाच परत करीन. माप अंगावर घ्यावं लागतं. रजा काढ आणि ये. मी टेप गळ्यात अडकवून बसलेय.

लोभाचं काय ते तू समोर उभी राहिलीस की बोलू.

तुझी आई