टेकणी, करवत आणि माझी धाकटी जाऊ

मी, श्रीमती धुरपदा सोपानराव शेलार, वय वर्षे सदुसष्ट, जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, राहणार तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझा मुलगा पोपट ‘आई, एवढ्यात कशाला?’ असेच म्हणत होता.

१. राहते घर पोपटला द्यावे. शेवंतीच्या फुलांच्या रानातला माझ्या नावचा हिस्सा पोपट आणि सून सुरेखा या दोघांच्या नावे करावा. पोपट रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो. शेवंती जगवली ती सुरेखाने. पोस्टातली शिल्लक नात समृद्धीच्या शिक्षणासाठी ठेवावी. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२. माझी सुतारकामाची सर्व हत्यारे समृद्धीला द्यावीत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला लाकूडकाम शिकवायला कोणी तयार होईना, म्हणून मी शिकले, आणि पुढे तोच छंद जडला. पाट, चौरंग, खेळण्यातल्या बैलगाड्या मी हौसेने केल्या. हौसेच्या कामाला भारी हत्यारे परवडत नाहीत, म्हणून समृद्धीसाठी लिहून ठेवते. शिकंजे स्वस्तातले चालतात. दाबून धरण्यापलीकडे त्यांना काम नसते. हातोडी कोणतीही घ्यावी. पटाशी मात्र स्वस्तातली घेऊ नये, तिची धार दुपारपर्यंतही टिकत नाही. काटकोन बघायचा गुण्या घेताना दुकानातच रेघ मारावी, मग तो उलटा ठेवून पुन्हा मारावी. दोन्ही रेघा जुळल्या नाहीत तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी तिथेच ठेवून यावे.

३. माझी धाकटी जाऊ सौ. सिंधूबाई, राहणार रेल्वे क्वार्टर, दौंड, हिला यातले एकही हत्यार देऊ नये. कारण लिहिलेच पाहिजे असे नाही, पण मी लिहिणार आहे.

पटाशी धरायला तिला मी शिकवले. उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा माझ्या शेजारी बसून शिकली. मग दौंडला गेली आणि स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवरून मिळेल ते उचलू लागली. पारखणे नाही, विचारणे नाही. ड्रिल मशीन जळाले की दुसरे तसलेच आणायचे. तिची करवत मी पाहिली आहे, नागमोडी कापते. तरीही भावकीत लग्न निघाले की चौरंग सिंधूबाईचा. माझ्या चौरंगात तोंड दिसावे असा मी तो घासत असे, पण कार्याच्या दिवशी तो तयार नसे.

एवढे मी गिळले असते. पण २००१ साली ह्यांच्या छातीत पाणी झाले. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितले, आडवे झोपू देऊ नका, टेकवून बसवा. उशा घसरत आणि ह्यांना दम लागे. मी म्हटले, पाठीला टेकणी करते, मागे खाचा ठेवते, हवी तशी उभी-कलती होईल. सागाची फळी घरात होती, पण खाचांना माझी करवत जाड पडत होती. बारीक दात्यांची करवत बघायला शिरूरला गेले. स्वस्त होती तिचे पाते मुठीत डुगडुगत होते. चांगली होती ती एवढ्याशा कामाला भारी वाटली. परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तशीच आले.

हे म्हणाले, “अगं, कसली बी आण. मला टेकायचंय, कापायचं न्हाई.”

मी म्हटले, “घ्यायचीच तर नीट घेऊ.”

तेवढ्यात सिंधूबाई दौंडहून एसटीने आली, काखेत टेकणी घेऊन. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या, दोन बिजागऱ्या आणि मागे सुतळी. कडांना पॉलिश पेपरसुद्धा लावलेला नव्हता. तिने उशा काढल्या, टेकणी लावली, वर घोंगडी टाकली. “भावजी, टेका बरं.”

हे टेकले. त्यांनी घेतलेला पुरा श्वास मी दारातून ऐकला.

“सिंधू, झ्याक केलंस,” हे म्हणाले. “आता बसल्यावानी वाटतंय.”

संसारभर हे माझ्याच पाटावर बसून जेवले. झ्याक हा शब्द मला कधी मिळाला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ती चांगली करवत आणली. माझी टेकणी पुरी केली, पलंगाशी नेली. ह्यांनी तिच्यावरून हात फिरवला. “गुळगुळीत झालीय. पर आता हलवू नगंस मला. हिच्यावर अंग बसलंय.” त्याच खोक्याच्या फळ्यांना टेकून हे गेले.

तेराव्याला सिंधूबाईने विचारले, “अक्का, ती टेकणी न्हेऊ का? भावजींची आठवण म्हणून.”

मी नाही म्हटले. आठवण कोणाची, हे तिला कळायला हवे होते.

४. म्हणून लिहिते की सिंधूबाईची टेकणी याच घरात राहील. ती तिला देऊ नये, जाळू नये, माळ्यावरही टाकू नये. तिला पाहावीशी वाटली तर तिने घरी यावे, टेकून बसावे, चहा घ्यावा आणि जावे. मी केलेली सागाची टेकणी दवाखान्याला द्यावी. ज्याला दम लागत असेल त्याने ती वापरावी. तिला अजून कोणाची पाठ लागलेली नाही.

५. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या वाट्याला मृत्युपत्रात काही नसलेले बरे. ऐकताक्षणी मी एक साक्षीदार ठरवला. पोपटने फोन केला आणि सिंधूबाई आज सकाळी आली. हे लिहिताना ती माझ्यासमोर बसली आहे.

“काय लिव्हलंय, अक्का?”

“साक्षीदारानं सही करताना बघायचं असतं. मजकूर वाचायचा नसतो.”

“बरं,” म्हणाली. मग बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिली. “मोरीत उठताबसताना तरास व्हतोय जणू तुमाला. मगाशी भिंत धरून उठलात. मी खुर्ची करून आणते. दोन दिसात.”

मी नको म्हटले. तरी ती आणणार. खुर्चीचे पाय सारखे नसणार, खाली कागदाची घडी घालावी लागणार, आणि मी तिच्यावर बसणार, हे मला आत्ताच दिसते आहे. तर वरील कलम चारमध्ये एवढी भर घालते: ती खुर्चीही माझ्याच मालकीची समजावी आणि माझ्यामागे सिंधूबाईला परत देऊ नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही करत आहे.

ठिकाण: तळेगाव ढमढेरे
दिनांक: १२ फेब्रुवारी २००४

(सही) धुरपदा सोपानराव शेलार

साक्षीदार:
१. (सही) सौ. सिंधूबाई शेलार, दौंड
२. (सही) हौशीराम गवारे, निवृत्त मुख्याध्यापक, तळेगाव ढमढेरे