पुसद नाक्यावरची इटलीची गाडी

बाबा, तुमची ती लाल इटालियन गाडी मी गेल्या आठवड्यात पाहिली. तुम्ही पत्रे ठोकून बनवत होता ती नव्हे, खरी. शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावरून उतरून ती पेट्रोल पंपावर आली, बॉनेटमधून वाफ निघत होती, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उभी राहिले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं मला कधी वाटलं नव्हतं. आज वाटतंय ते त्या गाडीमुळे, आणि हे ऐकून तुम्हाला बरंच वाटलं असतं.

लग्नाआधी तुम्ही मुंबईला एका गॅरेजात डेंटिंगचं काम करत होता. तिथे कुणा शेठची ती गाडी यायची, दोन माणसांपुरती, बुटकी, लाल. अपघातात चेपलेलं तिचं पुढचं मडगार्ड तुम्ही सरळ केलं होतं, आणि ते करताना तुमच्या हातांत जे शिरलं ते पुढे निघालंच नाही. वाशीमला परत येऊन पुसद नाक्यावर टिनाची शेड टाकलीत, ट्रॅक्टरचे पत्रे आणि काळीपिवळी टॅक्सींचे दरवाजे ठोकत राहिलात. पण शेडच्या मागच्या भिंतीवर गेरूने ती गाडी आखलेली होती, खऱ्या मापाची. तिच्यासमोर भंगारातल्या एका फियाटच्या सांगाड्यावर तुम्ही तेलाच्या ड्रमांचा पत्रा चढवत होता. गिऱ्हाइकांचं काम आटोपलं की वाळूच्या गोणीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने एकेक गोलाई काढायची. मी पोत्यावर बसून अभ्यास करतेय आणि तुम्ही हाक मारता, "इकडं ये, हात फिरव." मागच्या चाकावर पत्रा जिथे उचलून परत खाली येतो, तिथून मी हात फिरवते. "अडकला का कुठी?" "नाई." "मंग झालं," तुम्ही म्हणता, आणि हसता. तुम्ही हसायचात ते त्या शेडमध्येच. घरी नाही.

घरी तुमचा हात कसा चालायचा ते लिहिलं नाही तर हे सगळं खोटं होईल. भाजी गार वाढली म्हणून ताट भिंतीवर. पाव्हण्यांसमोर माय मधेच बोलली म्हणून तिच्या गालावर बोटं उठलेली. ज्या हातांना पत्र्यातला केसाएवढा खड्डा कळायचा, त्यांना माणसाचा गाल कळत नव्हता. मी लहानपणी यावर फार विचार करायचे. आता करत नाही.

आणि तो. अनसिंगच्या बाजूचा, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरचा, जीप घेऊन यायचा. जीपचं काम एका दिवसात झालं, तरी तो येतच राहिला. तुमच्यासाठी चहा आणायचा, वेल्डिंग करताना पत्रा धरून बसायचा, मायला वहिनी म्हणायचा. गाडीचं वेड त्यालाही लागलं होतं, तुमच्याइतकंच. तिला लाल रंग दिलात त्या दिवशी तो बोलला, "भाऊ, माह्या वरातीले हेच गाडी पायजे."

"हे वरातीची गाडी नोये."

"मंग कायची हाये?"

शेडमध्ये त्याचे दोन भाऊ होते, नाक्यावरची चार माणसं होती. तुम्ही फडक्याला हात पुसत म्हणालात, "तुह्या बुडाखाली शोभत नाई ते. तू आपला घोडा पाय."

माणसं हसली. तो हसला नाही. मी पोत्यावर बसले होते, माझ्याकडे एकदा पाहून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते तिघे लोखंडी सब्बली घेऊन येतात. मी शाळेतून नुकतीच आलेली, माय तुम्हाला डबा वाढतेय. पहिला घाव समोरच्या काचेवर, दुसरा दारावर, आणि पत्र्याचा तो आवाज शेडभर घुमत राहतो. तुम्ही जेवता जेवता हातोडी उचलता आणि थेट त्याच्या कोपरावर हाणता. वाळलेली तुराटी मोडावी तसं हाड मोडलेलं मी ऐकलं. मग त्याच्या भावांनी तुम्हाला धरलं. बरगड्यांत सब्बल, कानाखाली बुटाची लाथ, तोंडातून रक्त, वरणाचा डबा पायाखाली सांडलेला. माय मधे पडली तर तिला ढकलून दिलं. आणि तो, बाबा, तो कोपर धरून जमिनीवर बसला होता आणि गाडीकडे पाहून रडत होता. "बस करा," भावांना ओरडून सांगत होता, "बस करा रे आता." नाक्यावरची माणसं धावत आली तोवर तुमचा डावा कान कायमचा गेला होता.

दोन्हीकडून केसेस झाल्या, मग गावातल्या लोकांनी मिटवल्या. गाडी तशी वाचली होती. काच, एक दार, छताला खोक. तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हा मला वाटलं, आता हळूहळू सगळं नीट कराल. तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारलीत, मागच्या गोलाईवर हात फिरवलात, आणि कोपऱ्यातला घण उचललात. छातीला पट्टा बांधलेला असताना तुम्ही घण मारत होता. प्रत्येक घावाला कण्हत होता आणि परत मारत होता. ती गोलाई सगळ्यात आधी गेली. नाक्यावरची माणसं दारात उभी होती, कोणी पुढे येईना. माय आली. "अहो, काहून करून राह्यले असं? आपलीच हाये ना ते," म्हणत तिने तुमचा दंड धरला, आणि तुम्ही वळलात ते घणासकट.

तो तिच्या खांद्याला लागला. ती खांदा धरून खाली बसली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आता मले मारा," मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग घण सोडून दिलात आणि शेडच्या बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बसलात. त्यानंतर तुम्ही मायवर हात उचलला नाहीत. हसलाही नाहीत. ट्रॅक्टरचे पत्रे ठोकत ठोकतच गेलात.

तर त्या दिवशी पंपावर. गाडी एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती, नागपूरहून निघालेले, इंजिनाचं पाणी उकळलेलं. पाहता पाहता गर्दी जमली, मोबाइल निघाले. एक मिशीवाला बाप्या फोटोसाठी मागच्या मडगार्डवर बसायला गेला. म्हातारे नको नको म्हणाले तर त्याने छातीवर हात ठेवून त्यांना ढकललं. मी कधी पुढे झाले मला कळलं नाही. त्याचं मनगट पिरगाळून त्याला खाली आणलं होतं मी, गुडघ्यावर. "हात लावू नको तिले," मी म्हणत होते, आणि तो "सोडा ताई, सोडा" म्हणत असतानाही सोडत नव्हते. सोबत असलेल्या माझ्या नवऱ्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती.

गर्दी पांगल्यावर मी त्या मडगार्डवर हात फिरवला. तुमच्या गाडीची गोलाई थोडी जाड होती. हिची बारीक आहे, पण चढते तशीच.

घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही तिचा. मला वाटलं, तोंड फिरवेल. ती म्हणाली, "रंग तसाच व्हता का?" मी हो म्हटलं. "तू बसली का तिच्यात?" मी नाही म्हणाले. "बसाव लागत होतं," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटवली.

हे कागद मी कुठे पाठवणार, आणि तुम्ही असता तरी दिले नसते. पण मायला खोटं सांगितलं ते तुम्हाला खरं सांगते. मी बसले होते. इंजिन गार झाल्यावर त्या गृहस्थांनी मला स्टेअरिंगमागे बसवलं आणि स्वतः बाजूने वाकून चावी फिरवली. तो आवाज पाठीतून वर चढला, समोर लाल पत्रा थरथरत होता, आणि मी मोठ्याने हसत होते. जितका वेळ बसले, तितका वेळ मला तुमची एकदाही आठवण आली नाही. मायचीही नाही.